वडिलार्जित खुर्चीवरचे चित्र

वडिलार्जित वस्तूंचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. काही नुसत्या जपायच्या असतात आणि काही वापरायच्या असतात. जुनी पोथी, मोडीतले खतपत्र, आजीची नथ यांच्याबाबत आपले कर्तव्य सोपे असते. ती पेटीत ठेवावी, वाळवी-कसर लागू देऊ नये, म्हणजे झाले. अडचण येते ती खुर्चीची. न वापरता जपली तर ती खुर्ची उरत नाही आणि वापरली तर जशीच्या तशी उरत नाही. तिचे शिसवी लाकूड दीडशे-दोनशे वर्षे सहज टिकते. पण बैठकीवरचे कापड वीस-पंचवीस वर्षांत विरते. मग ती ज्याच्या वाट्याला येते त्याने काय करावे? विरलेले कापड वडिलांचे म्हणून तसेच ठेवावे, की नवे घालावे? आणि नवे घालायचे तर त्यावर आपल्या हाताने, आपल्या पसंतीचे चित्र भरावे काय? प्रश्न वरवर घरकामाचा दिसतो. पण मागच्यांच्या वस्तूवर पुढच्यांचा अधिकार किती, हा नीतीचा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

गंमत अशी की, खुर्ची घडवणाऱ्यांनी या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या कामातच देऊन ठेवले आहे. अठराव्या शतकातले इंग्रज कारागीर पुष्कळदा बैठकीची चौकट वेगळी करीत आणि ती खुर्चीच्या खाचेत नुसती बसवून देत. खालून जरा दाब दिला की ती अलगद वर येते. घरातली बाई मग चौकटीवर नवे भरतकाम ताणून घेई, कडेने खिळे मारून घेई आणि बैठक पुन्हा जागेवर ठेवी. लाकूड आपले आणि कापड येणाऱ्यांचे, असा हा करार होता. आपल्याकडेही त्या वळणाच्या खुर्च्या आल्या आणि त्यांच्याबरोबर हा करारही आला. तो कोणी वाचला नाही, इतकेच.

पण हाताने भरलेले चित्र खरोखर भरणाऱ्याचे असते काय? शंका घ्यायला जागा आहे. 1804 साली बर्लिनमध्ये चौकटींच्या कागदावर रंगवलेले नमुने छापून विकायला सुरुवात झाली. कागदावरची एक चौकट म्हणजे कापडावरचा एक टाका. जाळीदार कापड घ्यायचे, नमुन्यातली घरे मोजायची आणि दाखवलेल्या रंगाची लोकर ओवायची. थोड्याच वर्षांत असे हजारो नमुने निघाले. नामांकित चित्रकारांची कुत्री, हरणे, फुलांचे हारे, फार काय लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’सुद्धा युरोपातल्या बायकांनी टाके मोजून उतरवले; उशांवर, पायपाटांवर, खुर्च्यांवर घातले. चित्र एकाचे, चौकटी दुसऱ्याने पाडलेल्या, रंग तिसऱ्याने ठरवलेले. मग बाईचे त्यात काय? नुसती बोटे? त्या काळच्या टीकाकारांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. आज तर संगणक कोणत्याही छायाचित्राच्या चौकटी घटकाभरात पाडून देतो आणि दोऱ्यांचे क्रमांकही लिहून देतो.

मी वर्गात मुलांना कित्ता गिरवायला देते. कित्ता सगळ्यांना एकच. पण चाळीस वह्यांतून कोणाची वही कोणती, हे मला नाव न पाहता सांगता येते. म्हणून मला तो आक्षेप अर्धाच पटतो. स्कॉटलंडची राणी मेरी 1568 साली आश्रयाला म्हणून इंग्लंडात गेली आणि 1587 साली शिरच्छेद होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षे, एलिझाबेथ राणीच्या बंदिवासात राहिली. त्या काळात तिने पुष्कळ भरतकाम केले. नमुने तिचे स्वतःचे नव्हते. गेस्नर नावाच्या स्विस पंडिताच्या प्राण्यांवरील ग्रंथातल्या चित्रांवरून तिने पशुपक्षी उतरवून घेतले. त्यांत एक मांजर आहे. ग्रंथातले मांजर काळ्या शाईचे. मेरीने त्यासाठी तांबूस धागा निवडला. कापडावर मांजराच्या डोक्यावर मुकुट आहे आणि शेजारी उंदीर आहे. एलिझाबेथचे केस तांबडे होते, एवढे ध्यानात घेतले की बाकीचे सांगावे लागत नाही. उतरवलेल्या चित्रातसुद्धा माणसाला आपले म्हणणे मांडायला जागा सापडते. एका धाग्याच्या निवडीएवढीही ती पुरते.

आता दुसरी गोष्ट. मेरीची ती चित्रे पडद्यांवर गेली. खुर्चीवरच्या चित्रावर मात्र माणूस बसतो. कशावर बसावे आणि कशावर बसू नये, ही जाण आपल्याला लहानपणापासून असते. पुस्तकाला पाय लागला तर आपण हात जोडतो. 1894 साली मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघर गेली. बायकांनी त्या छापील देवींना जर लावली, टिकल्या शिवल्या, खरी वस्त्रे नेसवली. ती सगळी भिंतीवर राहिली. सुईचे काम तेच, पण बैठकीवर नेण्याचे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. हा आपलाच सोवळेपणा आहे असेही नाही. फ्रान्समधल्या बोव्हे येथे खुर्च्यांसाठी चित्रे विणीत, तेव्हा अनेक संचांत पाठीवर माणसे आणि बैठकीवर प्राणी अशी वाटणी असे. टेकायला माणूस चालतो, बसायला नको!

हे सारे मला आठवायला कारण झाले ते आमच्या घरच्या चार खुर्च्यांचे. त्या सासऱ्यांच्या. बैठकींचे तपकिरी कापड फाटून आतला काथ्या दिसू लागला, तेव्हा मी अंगणातल्या पारिजातकाचे चित्र भरायचे मनात घेतले. पुतण्या म्हणाला, “काकू, त्यापेक्षा आजोबांचा फोटोच भर ना! चौकटी मी पाडून देतो.” नणंद तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “वहिनी, बाबा तीस वर्षं ह्या कापडावर बसले. ते तुम्ही काढणार, आणि वर त्यांच्या तोंडावर आम्ही बसायचं?”

दुसऱ्या वाक्याला उत्तर नव्हतेच. शिवाय इंचात दहा टाक्यांच्या कापडावर दोन इंचांचा चेहरा काढायचा म्हणजे वीस घरांत सारा माणूस बसवायचा. डोळ्याला तीन घरे मिळतात. तेवढ्यात बाबा मावले नसते. पहिले वाक्य मात्र मनात राहिले. ते कापड फाटके होते, तरी त्यावरचा खोलगट भाग त्यांच्या बसण्याने झालेला होता. तो टाकून देण्याचा अधिकार मला कोणी दिला?

बैठक उचलून पाहिली, तेव्हा खिळ्यांच्या कडेला तपकिरी कापडाखालून हिरव्या कापडाची किनार दिसली. नणंदांनी ती ओळखली. त्यांच्या आजीच्या वेळचे ते कापड. बाबांनी त्यावरच नवे घातले होते. “म्हणजे त्यांनीही काढलं नव्हतं,” त्या सावकाश म्हणाल्या, “झाकलं होतं.” आम्हीही तसेच करायचे ठरवले.

यावरून मला असे वाटते की, वापरायच्या वस्तूंचा वारसा म्हणजे झिजण्याचा वारसा. वडिलांनी आपली झीज त्यात घातली, आता आपली पाळी. म्हणून खुर्चीवर चित्र घालायचे ते असे असावे की, जे विरताना आपल्याला पाहवेल. देव, गुरू आणि गेलेले माणूस यांचे विरणे पाहवत नाही. त्यांनी भिंतीवरच राहावे. पारिजातकाचे तसे नाही. त्याची फुले रोजच गळतात.

सोळा इंची चौरस बैठकीला 25,600 टाके पडतात. तासाला चारशे धरले तरी चौसष्ट तास. चार खुर्च्यांना 256. शाळा सांभाळून रोज अर्धा तास मिळाला, तर दीड वर्ष सहज जाईल. चौथी पुरी होईल तोवर पहिलीवर पोरांनी बसून तिचे केशरी देठ पुसट केलेले असतील.