आजीचे पाच किलो

काटकसर आपल्याला कुणी शिकवायला नको. भगवान बुद्धांनी सिगालाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. त्यातला एक अडीअडचणीसाठी. रेशनवर घर चालवून पैसा राखण्यात लाज नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो आपला हक्क आहे.

पण आमची आजी जाऊन वर्ष झाले. थोरल्या भावाच्या कार्डावर तिचे नाव तसेच आहे, आणि तिच्या वाट्याचे दरमहा ५ किलो धान्य घरात येते. २०२३ पासून तेही मोफत. वहिनी म्हणते, "भाऊजी, सरकारी कोठारातले पाच किलो कुणाच्या तोंडचे?"

आता ऐका. राज्याला लाभार्थ्यांचा आकडा ठरवून दिलेला आहे. जुनी नावे कमी झाली की नव्यांना जागा होते. मग ते धान्य पंढरपुरातल्याच एखाद्या वस्तीत नाव चढण्याची वाट पाहणाऱ्या लेकराचे नाही काय? आणि आपण तर दर वंदनेला दुसरे शील घेतो!

वहिनी म्हणते, ई-केवायसीत नाव आपोआप कटेल, तोवर येऊ द्या. यंत्राने पकडल्यावर सोडलेल्या वस्तूला शील म्हणावे काय?

सोमवारी मृत्यूचा दाखला घेऊन तहसील कचेरीत जाणार आहे. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही.