फळ न दिसणारे कर्तव्य

रोगी कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता सोपे वाटते. ज्याला दुखते-खुपते, ज्याला अन्न गोड लागत नाही, जो अंथरुणाला खिळला आहे, तो रोगी, बाकीचे निरोगी. परंतु ज्याच्या रक्तात रोगाचे बीज निःसंशय आहे आणि तरीही ज्याला कसलाच त्रास नाही, त्याला कोणत्या रकान्यात बसवावे? त्याने स्वतःच्या शरीरासाठी नेमाने कष्ट घ्यावेत, असे सांगण्याचा अधिकार कोणाला पोचतो, आणि ते पाळण्याचे बंधन त्याच्यावर कितपत आहे?

हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतील लक्षावधी माणसे तो रोज जगत आहेत. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात लासांस नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे 1909 साली कार्लोस शागास या तरुण डॉक्टरांना बेरेनीस नावाच्या दोन वर्षांच्या तापकरी मुलीच्या रक्तात एक सूक्ष्म परोपजीवी सापडला. आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांच्या सन्मानार्थ त्यांनी त्याला ‘ट्रिपॅनोसोमा क्रूझी’ असे नाव दिले. रोगाला मात्र पुढे खुद्द शागास यांचेच नाव मिळाले; इंग्रजी वळणाने आपल्याकडे ते ‘चागास’ असेही लिहिले जाते. कुडाच्या आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारा एक रक्तपिपासू कीटक या रोगाचा मुख्य वाहक आहे. तो रात्री निजलेल्या माणसाच्या चेहऱ्याला चावतो, म्हणून ब्राझीलमध्ये त्याला ‘बार्बेइरो’, म्हणजे न्हावी, म्हणतात. त्याच्या विष्ठेतला परोपजीवी खाजवलेल्या जखमेतून अथवा डोळ्यांतून शरीरात शिरतो आणि बहुधा जन्माची सोबत करतो.

जगात आज सत्तर लाखांहून अधिक लोकांना ही बाधा असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या हृदयाला पुढे इजा पोचते, काहींची अन्ननलिका किंवा मोठे आतडे बिघडते. उरलेले बहुसंख्य लोक आयुष्यभर धडधाकट राहू शकतात. रक्ततपासणीत बाधा दिसते, परंतु हृदयाचा आलेख आणि क्ष-किरण चित्रे निर्दोष असतात, अशा स्थितीला वैद्यक ‘अनिश्चित अवस्था’ म्हणते. सरकारी दप्तरात बराच काळ काढल्यामुळे आम्हांला या शब्दाचे नवल वाटले नाही. ज्या प्रकरणाचा निकाल लागलेला नाही, त्यावर आम्ही ‘प्रलंबित’ असा शेरा मारीत असू. फरक इतकाच, की येथे प्रलंबित असते ती फाईल नव्हे, तर जिवंत माणूस. या अवस्थेतील शंभर जणांपैकी दरवर्षी साधारण दोघांना हृदयविकार जडतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत आढळले आहे. ते दोघे कोण, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

औषधे आहेत, पण ती बालपणी किंवा बाधा ताजी असताना जितकी गुणकारी ठरतात, तितकी जुन्या बाधेत ठरत नाहीत, आणि मोठ्या माणसांना ती सोसतातच असेही नाही. म्हणून वैद्यांचे लक्ष व्यायामाकडे वळले. हृदयाला इजा झालेल्या रुग्णांवर देखरेखीखाली व्यायामाचे छोटे प्रयोग झाले आणि त्यांची दम टिकवण्याची ताकद वाढल्याचे दिसले. पुढे रिओ द जानेरो येथील इव्हांद्रो शागास संस्थेतील संशोधकांनी लक्षणे नसलेल्या बाधितांसाठी घरच्या घरी करण्याच्या व्यायामाचा अभ्यास हाती घेतला. घरच्या घरी का, तर व्यायामशाळेचे शुल्क, दूरचा प्रवास आणि बुडणारा रोजगार या तिन्ही गोष्टी गरिबाला परवडत नाहीत. चालणे, खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, यांना साधनसामग्री लागत नाही. हा व्यायाम परोपजीवीला मारीत नाही, हे मात्र स्पष्ट समजून घेतले पाहिजे. तो फक्त त्या शरीराला अधिक समर्थ करतो, ज्यात परोपजीवी मुक्कामाला आहे.

येथून नीतीचा प्रश्न सुरू होतो. ज्याला ठणका लागतो, त्याला औषध घ्या म्हणून सांगावे लागत नाही. दुखणेच त्याला वळण लावते. लक्षणहीन माणसाला मात्र केवळ ज्ञानाच्या बळावर उठावे लागते. शिवाय त्याच्या श्रमाचे फळ म्हणजे काहीतरी न घडणे. न घडलेली गोष्ट कोणाला दाखवता येत नाही, मोजता येत नाही, तिच्याबद्दल कोणी शाबासकीही देत नाही. गीतेतील निष्काम कर्माचा विचार आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकतो. पण रोज पहाटे, कसलेही दुखणे नसताना, घराच्या कोपऱ्यात घाम गाळणाऱ्या त्या माणसाइतका तो फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल.

यावर कोणी आक्षेप घेईल की, ज्याला काही होत नाही, त्याला रोज त्याच्या बाधेची आठवण करून देणे हाच एक जुलूम आहे. या आक्षेपात तथ्य आहे. ‘तू आजारी आहेस’ असे सांगितल्याने माणूस खचतो, हे आपण घरोघरी पाहतो. पण म्हणून त्याला काहीच सांगू नये, हा निष्कर्ष आम्हांला पटत नाही. ज्ञान लपवून राखलेली शांती ही दुसऱ्याने परस्पर घेतलेला निर्णय असतो. बाधा सांगावी, तिची शक्यता किती तेही सांगावे, आणि हातात काय आहे तेही सांगावे. भीती एकटी दिली तर ती ओझे होते. तिच्यासोबत काही करण्याजोगे दिले, तर माणसाला उभे राहायला जागा मिळते.

आमच्या दृष्टीने अधिक गंभीर धोका वेगळाच आहे. व्यायाम हे कर्तव्य ठरले, की आजार हा अपराध ठरायला वेळ लागत नाही. नेमाने व्यायाम करणाऱ्यांपैकीही काहींचे हृदय बिघडेलच, आणि न करणारे कित्येक सुखाने म्हातारे होतील. ती बेरेनीसच पाहा. शागास स्वतः 1934 साली, पंचावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने गेले. बेरेनीस मात्र सत्तरी ओलांडून 1981 पर्यंत जगली. 1962 आणि 1978 साली तपासले तेव्हाही तिच्या रक्तात तो परोपजीवी होता, आणि तरीही त्या रोगाने तिच्या हृदयाला धक्का लावला नव्हता. तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय कोणा एका नियमाला देता येत नाही. मग उद्या एखादा बाधित आजारी पडला, तर ‘व्यायाम केला नसेल’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून येतो?

दुसरे असे की, बाधा झाली ती या माणसाच्या आळसामुळे नव्हे, तर भेगाळलेल्या भिंतीमुळे. ती भिंत दारिद्र्याची होती. तिच्यावर कीटकनाशक फवारणे, घरे सुधारणे, रक्तपेढ्यांत रक्त तपासणे ही कामे राज्यसंस्थेची. ती मनावर घेतली तर होतात, याचा पुरावाही आहे: ब्राझीलमध्ये मुख्य वाहक कीटकाकडून होणारा प्रसार थांबल्याचे 2006 साली प्रमाणित झाले. अर्जेंटिनाने 2007 च्या कायद्याने, नोकरीच्या उमेदवारांची या बाधेसाठी रक्ततपासणी करण्यास मनाई केली. कारण धडधाकट माणसेही केवळ अहवालावरून दारातून परत पाठवली जात होती. अशा संस्था आपले काम करीत असतील, तरच व्यक्तीला ‘तूही तुझे कर’ असे म्हणण्यात न्याय आहे. एरवी तो सल्ला म्हणजे राज्यसंस्थेचे ओझे गरिबाच्या पाठीवर टाकणे होय.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी रक्तदाब किंवा मधुमेह असाच मुका येऊन बसलेला असतो; तेव्हा हा विचार आपल्यालाही परका नाही. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या संस्थांनी व्यायाम हा सर्वांसमक्ष, सोबतीने करण्याचा आनंद मानला. घरातल्या एकट्या व्यायामाला ती सोबत नसते. म्हणून घरच्यांनीच ती द्यावी: सकाळची वीस मिनिटे त्या माणसाला मोकळी करून द्यावीत, जमल्यास शेजारी उभे राहून स्वतःही हातपाय हलवावेत, आणि एखादा दिवस चुकला तर हिशेब मागू नये.

कर्तव्य ज्याचे त्याने स्वतःला सांगावे. दुसऱ्याला सांगताना त्याला सहानुभूतीची जोड असावी. लक्षणहीन बाधिताकडून आपण इतकेच मागू शकतो, की त्याने जमेल तितके करावे. आणि इतके करूनही तो आजारी पडलाच, तर त्याच्या उशाशी बसताना आपल्या मनात एकही प्रश्न नसावा, हे आपले कर्तव्य आहे.