राखीव पंप

आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य टिपण्या लिहिण्यात जाते. म्हणून हा प्रश्न आपल्यापुढेच मांडावासा वाटतो. दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यातील भट्टी थंड ठेवण्यासाठी राखीव पंप मागणारी फाईल माझ्या मेजावर आली. मी लिहिले, ‘मुख्य पंप गेल्या पाच वर्षांत एकदाही बंद पडलेला नाही, सबब खरेदी तूर्त लांबणीवर टाकण्यास हरकत नसावी.’ साहेबांनी सही केली. तो पंप आजही चालू आहे. मग माझ्या हातून प्रमाद घडला काय?

पाणी फिरावयाचे थांबले म्हणून भट्टीतील उष्णता थांबत नाही. यास्तव एक पंप चालता व दुसरा सज्ज ठेवतात. दोहोंना शक्यतो निरनिराळ्या मार्गांनी वीज देतात, आणि सज्ज पंपही आलटूनपालटून चालवून पाहतात. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात पाणी पुरविणारे मुख्य पंप थांबले. आणीबाणीचे तीनही पंप तत्काळ सुरू झाले; परंतु त्यांच्या वाटेवरील, उघड्या असावयाच्या झडपा बंद होत्या. हे ध्यानात येण्यास आठ मिनिटे लागली. पुढील अनर्थाचे मुख्य कारण निराळे होते : दाब कमी करणारी एक झडप उघडीच अडकली, आणि चालकांनी उलट समजुतीने पाणी घटविले. तरीही पंप फिरत असता पाणी पोचत नव्हते, ही गोष्ट विसरता येत नाही.

आपण दोष परिणामावरून ठरवितो. पंप चालला तर मी काटकसरी, बंद पडला तर अपराधी. टिपणीतील अक्षरे मात्र तीच! तेव्हा दोष शोधावयाचा तो लिहिण्याच्या क्षणीच. सरकारी पैसा जनतेचा आहे, प्रत्येक मागणी मान्य करता येत नाही, हे खरे. नकारही योग्य ठरला असता. पण मी अभियंत्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. पाच वर्षे न बिघडलेला पंप पाच वर्षांनी जुनाही झालेला असतो, हे मला सुचले नाही.

गेल्या महिन्यात मी ती फाईल पुन्हा काढविली व विचारले, ‘मुख्य पंप थांबल्यास किती अवधी मिळतो?’ एका शब्दाचे उत्तर आले : ‘मिनिटे.’ माझी पूर्वीची टिपणी अपुऱ्या चौकशीवर आधारलेली होती, असे स्पष्ट लिहून मी प्रस्ताव वर पाठविला आहे. साहेब अद्याप काही बोललेले नाहीत.