सूज उतरली, पुढे काय?

अंधेरी-बोरिवलीकडच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये डोक्याला मार लागलेला पेशंट आला, की नातेवाइकांना अजूनही ऐकायला मिळतं, ‘मेंदूची सूज उतरायचं इंजेक्शन दिलंय.’ ते मॅनिटॉल असेल तर एक वेळ ठीक. पण कधी कधी ते स्टेरॉइड असतं, आणि वीस वर्षांपूर्वी निकालात निघालेलं प्रकरण पुन्हा उकरलं जातं. मला औषधापेक्षा त्यामागची समजूत जास्त घातक वाटते : सूज हाच आजार, ती उतरली की माणूस उठणार.

मन्रो-केली आणि कुशिंग यांच्यापाशी थांबायचं कारण नाही. कवटी बंद आहे, आत दाब वाढला की मेंदू चेपला जातो, या त्यांच्या म्हणण्याबद्दल वाद नाही. १९१९मध्ये वीड आणि मॅककिबन यांनी मांजरांच्या शिरेत मिठाचं तीव्र द्रावण सोडून मेंदू आक्रसवून दाखवला. आजचं ‘थ्री पर्सेंट’ सलाइन त्याच घराण्यातलं.

खरी गोम १९६१नंतरची. गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज डेक्सामेथासोननं उतरवली. हे यश अस्सल होतं, म्हणूनच ते मार लागलेल्या मेंदूलाही लावलं गेलं. १९६७मध्ये क्लाट्झोनं सुजेचे दोन प्रकार वेगळे केले : रक्तवाहिन्या पाझरून येणारी आणि पेशींनी स्वतःच पाणी शोषल्यामुळे येणारी. गाठीभोवती असते ती मुख्यतः पहिली. मार लागलेल्या मेंदूत दुसरीचा वाटा मोठा असतो, आणि ती स्टेरॉइडला फारशी जुमानत नाही.

पण प्रयोगशाळेत काय घडत होतं? प्राण्याची कवटी उघडून मेंदूच्या पृष्ठभागावर गोठवलेला धातू टेकवायचा. जखम दर वेळी जवळपास सारखी, सूज मोजता येण्याजोगी, आणि तीही बहुतांशी पाझरणारीच. मग मेंदू काढून त्याचं आधी ओला असताना आणि नंतर वाळवून वजन करायचं. पाणी कमी भरलं, की औषध पास. तो प्राणी जगला असता तर अन्नापर्यंत पोचला असता का, हे या तराजूला कळायचं कारणच नव्हतं.

डोक्याला मार लागलेल्यांवरची २००४ची ‘क्रॅश’ चाचणी सगळे ‘स्टेरॉइड नापास’ एवढीच वाचतात. २०,००० पेशंटांची ठरलेली चाचणी १०,००८वर थांबवावी लागली. दोन आठवड्यांत स्टेरॉइड गटातले २१.१ टक्के दगावले, दुसऱ्या गटातले १७.९. माझ्या मते त्या दिवशी औषधाबरोबर मोजपट्टीही नापास झाली. ‘क्रॅश’नं पाणी मोजलं नाही, माणसं मोजली. २०११च्या ‘डेक्रा’ चाचणीनं हेच शस्त्रक्रियेबाबत दाखवलं : कवटीचा तुकडा काढल्यावर दाब उतरला, तरी पेशंटांची पुढची स्थिती अधिक वाईट निघाली. २०१६च्या ‘रेस्क्यू-आयसीपी’त शस्त्रक्रियेनं मृत्यू घटले, पण भान न येता जगलेले वाढले.

आणि तो गोठवलेल्या धातूचा प्राणी भूल दिलेला, टेबलावर, श्वास नीट चाललेला. विद्याविहार-घाटकोपरच्या मध्ये लोकलमधून पडलेला माणूस रुळांवरून राजावाडी रुग्णालयात आणि तिथून सायनच्या रुग्णालयात जाईपर्यंत त्याचा श्वास कितीदा अडखळतो, रक्तदाब कुठे जातो? डोक्याला जबर मार लागलेल्यांत सिस्टॉलिक दाब एकदा जरी ९०च्या खाली गेला, तरी मृत्यूचं प्रमाण दुपटीच्या घरात जातं, हे १९९३पासून नोंदलेलं आहे. त्या वाटेवर ऑक्सिजन आणि सलाइन मिळालं की नाही, याची नोंद केसपेपरवर शोधावी लागते. सूज उतरायच्या इंजेक्शनची वेळ मात्र मिनिटासकट लिहिलेली असते.