दैव, पुरुषकार आणि फुटबॉलचा निकाल

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये बलाढ्य आणि दुबळ्या संघांतले अंतर जसजसे घटते, तसतसा निकालातला दैवाचा वाटा वाढतो. १९७४च्या विश्वचषकात युगोस्लाव्हियाने झैरेला ९-० असे हरवले, १९८२ मध्ये हंगेरीने एल साल्वादोरचा १०-१ असा फडशा पाडला. अशा सामन्यात एखादा चेंडू खांबाला लागला किंवा पंचांचा निर्णय चुकला, तरी निकाल तोच राहतो. एका गोलाच्या सामन्यात मात्र तेवढ्यानेच सारे फिरते. मग जिंकणाऱ्याने विजय कमावला म्हणायचे, की त्याला तो लाभला?

६ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधल्या विश्वचषकात स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले, पण १२० मिनिटांत गोल झाला नाही. पेनल्टींसाठी म्हणून अगदी शेवटी उतरवलेल्या पाब्लो साराबियाचा फटका अखेरच्या क्षणी खांबाला चाटून गेला. थोड्याच वेळात त्याची पेनल्टीही खांबावर आदळली. पुढच्या दोन पेनल्टी मोरोक्कोचा गोलरक्षक यासिन बोनोने अडवल्या आणि मोरोक्को जिंकला. खांब हे दैव, बोनोची झेप हा पुरुषकार (माणसाचा प्रयत्न), इतकी सरळ वाटणी मात्र करता येत नाही. १२० मिनिटांत मोरोक्कोची बचावफळी ढळली असती, तर त्या खांबापर्यंत सामना पोहोचलाच नसता.

महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना हेच विचारतो: दैव श्रेष्ठ की पुरुषकार? उत्तरात दैवाला बीज आणि पुरुषकाराला शेत म्हटले आहे. दोन्ही मिळाल्याशिवाय पीक नाही. योगवासिष्ठ हा ग्रंथ आणखी पुढे जातो. तिथे दैव म्हणजे पूर्वी केलेला पुरुषकारच, आणि आजचा प्रयत्न पुरेसा जोरकस असेल तर तो कालच्यावर मात करतो. फुटबॉलला हे बरेच लागू पडते. ब्राझीलमध्ये जन्मणाऱ्या मुलाचे भाग्य हे आधीच्या पिढ्यांनी घडवलेले मैदान, प्रशिक्षक आणि क्लब यांचे फळ असते. पण इथेच या विचाराची मर्यादाही दिसते: तो पूर्वप्रयत्न त्या मुलाचा स्वतःचा नसतो. झैरेच्या खेळाडूंनी नऊ गोल खाण्याजोगे काही केलेले नव्हते.

म्हणून दोन दैवे वेगळी ओळखायला हवीत. एक जन्माचे, ते एकाच बाजूला झुकलेले. दुसरे चेंडूचे, ते कोणाचेच नाही. अंतर घटते म्हणजे पहिल्याची पकड सैल होते आणि दुसरे उघडे पडते. यात न्यायाची हानी नाही, उलट वाढच आहे. तेव्हा साडेतीन लाखांहून कमी वस्ती असलेल्या आइसलँडने बंदिस्त मैदाने बांधली, गावोगावी प्रशिक्षित मार्गदर्शक नेमले आणि २०१६च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला २-१ असे हरवले. हा योगवासिष्ठातला आजचा प्रयत्न.

मोरोक्कोचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. देशाने स्वतःची अकादमी उभारली, हे खरे; पण २०२२च्या संघातल्या २६ पैकी १४ खेळाडू देशाबाहेर जन्मलेले होते. अश्रफ हकिमी माद्रिदचा, तेव्हाचे प्रशिक्षक वालिद रेग्रागी फ्रान्समध्ये जन्मलेले. पोटासाठी युरोपात गेलेल्या आईबापांचे कष्ट आणि युरोपच्या क्लबांची शिकवण, दोन्ही त्या यशात होती. पुरुषकार कोणाचा, याचे उत्तर इथे एका राष्ट्राच्या नावावर मांडता येत नाही.

अंतर घटते ते सर्वत्र सारखेही नाही. त्याच विश्वचषकात स्पेनने कोस्टा रिकाला ७-० असे हरवले. चार दिवसांनी कोस्टा रिकाने जपानला हरवले आणि त्यानंतर जपानने स्पेनला. एका सामन्यात चेंडूचे दैव कोणालाही साथ देते, विजेतेपदापर्यंतचे सगळे सामने क्वचितच. २०२२पर्यंतचे सर्व २२ विश्वचषक युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या आठच देशांकडे गेले आहेत.