गळ, मासा आणि मुलाचा प्रश्न

पाली त्रिपिटकातील ‘उदान’ या ग्रंथात श्रावस्ती आणि जेतवन यांच्या वाटेवरचा एक छोटा प्रसंग आहे. काही मुले लहान मासे पकडून त्यांना त्रास देत असतात. भिक्षेला निघालेले बुद्ध थांबतात आणि विचारतात, तुम्हांला दुःखाची भीती वाटते का? दुःख नकोसे होते का? मुले ‘हो’ म्हणतात. मग उघडपणे किंवा लपूनही वाईट कर्म करू नका, कारण केलेल्या कर्माच्या दुःखातून पळून सुटता येत नाही, असे बुद्ध सांगतात. या उपदेशात माशाचे वर्णन नाही. मुलाने आधी स्वतःचे दुःख आठवावे, एवढीच त्याची सुरुवात आहे.

मुलाला गावतळ्यावर गळ टाकायला नेणाऱ्या वडीलमाणसापुढे आजही हाच प्रश्न उभा राहतो. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. तासभर मूल पाण्याकडे टक लावून बसते, आणि तसे गप्प बसणे ते एरवी क्वचितच शिकते. मग दोरी ताणली जाते, मासा काठावर तडफडू लागतो आणि मूल विचारते, “त्याला दुखतंय का?”

विज्ञानाने या प्रश्नाला बरेचसे उत्तर दिले आहे. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट या माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचे दाखवले. ओठांत आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते आणि बराच वेळ खात नव्हते. माशाला आपल्यासारखा मेंदूचा बाह्यस्तर नाही, म्हणून त्याला वेदनेची जाणीव नसावी, असे मानणारे शास्त्रज्ञही आहेत. पण शंका असेल तेव्हा तिचा फायदा माशाला मिळणेच न्याय्य आहे.

म्हणून मासेमारीच पाप ठरते का? भारतीय परंपरेत याला एकच एक उत्तर नाही. पतंजलीच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यात मर्यादित अहिंसेचे उदाहरण म्हणून नेमका कोळीच येतो: तो फक्त माशांची हिंसा करतो, इतर कोणाची नाही. भाष्यकार त्याची निंदा करत नाहीत, पण सर्व मर्यादा ओलांडणाऱ्या अहिंसेलाच महाव्रत म्हणतात. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा व्याध मांस विकतो आणि तरीही कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो. नांगरणीतही असंख्य जीव मरतात, हे तो त्याला दाखवून देतो. जैन आचारात गृहस्थासाठी शेती, स्वयंपाक किंवा उद्योग करताना घडणारी हिंसा वेगळी आणि संकल्प करून केलेली हिंसा वेगळी मानतात. गळ टाकणे दुसऱ्या प्रकारात मोडते, त्यामुळे त्या वाटेवर इथे सूट नाही.

भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाचे मूल जाळे ओढायला शिकते, तेव्हा ते घरचा व्यवसाय शिकत असते. त्याची तुलना सुट्टीतल्या करमणुकीशी करणे अन्यायाचे आहे. खरा पेच करमणुकीचाच आहे. मासा पकडून परत सोडणे अनेकांना दयाळूपणाचे वाटते. पण गळ ओठातून आरपार गेलेला असतो, हाताळण्याने अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो, आणि इजा झालेले काही मासे नंतर मरतात. अन्नासाठी मारलेल्या माशाच्या वेदनेला निदान कारण तरी असते. सोडून दिलेल्या माशाला ती केवळ कोणाच्या तरी आनंदासाठी सोसावी लागते.

तेव्हा मुलाला न्यायचे असेल, तर जेवढे घरी शिजेल तेवढेच पकडावे, अगदी लहान मासे धरू नयेत आणि हाती आलेला मासा तडफडत न ठेवता लगेच मारावा. ते काम मुलाच्या डोळ्यांआड करू नये. त्याने “दुखतंय का?” असे विचारले, तर “हो, दुखत असावं,” असे खरे उत्तर द्यावे. त्यानंतर त्याने गळ खाली ठेवला, तर त्याला पुन्हा उचलायला लावू नये.