‘का’ एकच, प्रश्न तीन

‘जास्त फिलॉसॉफी झाडू नको’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. तत्त्वज्ञान म्हणजे रिकामटेकड्यांचं काम, असा त्याचा सरळ अर्थ. त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांना हा विषय शिकवावा असं मी म्हणालो, की आमच्या चाकूरमध्ये पहिला प्रश्न येतो: त्याला मार्क किती?

प्रश्न चुकीचा नाही. लातूर जिल्ह्यात पोरगं नववीत गेलं की घरात नीट-जेईईचं बोलणं सुरू होतं. ‘लातूर पॅटर्न’नं कितीतरी शेतकऱ्यांच्या मुलांना डॉक्टर, इंजिनिअर केलं. मीही त्याच वाटेनं सॉफ्टवेअरमध्ये आलो. पण त्या वाटेवर एक सवय लागते. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असणार आणि बरोबर उत्तर कुणीतरी आधीच ठरवलेलं असणार, असं आपण धरून चालतो. आपल्या राज्य मंडळात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय आहेत, पण अकरावी-बारावीला आणि तेही ऐच्छिक. सायन्सची पोरं त्यांच्या वाटेला जात नाहीत. फ्रान्समध्ये मात्र शाळेच्या शेवटच्या वर्षी विज्ञानाकडच्या मुलांनाही तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर द्यावा लागतो.

आपल्याकडे सुरुवात कुठून करायची? सॉक्रेटिसपासून नको. किल्लारीपासून करू.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र संपत आलेली, पहाटेचे चार वाजायला आलेले. भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसं गेली. आजची नववीतली मुलं तेव्हा जन्मलेली नव्हती, पण त्या पहाटेची एक तरी गोष्ट आमच्याकडच्या बहुतेक घरांत आहे.

वर्गात विचारायचं: एवढी माणसं का गेली?

कुणी म्हणेल, जमिनीखाली ताण साठला होता. हा कारणाचा ‘का’. त्याचं उत्तर भूगर्भशास्त्र देतं. कुणी म्हणेल, देवाच्या मनात होतं. पण मग विसर्जनाहून येऊन झोपलेल्या माणसांवरच ही वेळ का? हा अर्थाचा ‘का’. तो यंत्रानं मोजता येत नाही, पण म्हणून खोटाही ठरत नाही. १७५५ साली लिस्बनला ऐन सणाच्या सकाळी भूकंप झाला, तेव्हा व्होल्तेरनं हाच प्रश्न युरोपपुढे ठेवला होता.

त्याला रूसोनं दिलेलं उत्तर मुलांना तिसऱ्या ‘का’कडे नेतं. सहा-सात मजली घरं दाटीनं निसर्गानं बांधली नव्हती, असं त्याचं म्हणणं. किल्लारीतही माणसं मेली ती घरांखाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं वजन. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात याहून मोठा भूकंप झाला, त्यात ६३ माणसं गेली. हा जबाबदारीचा ‘का’.

खरा तास इथे सुरू होतो. मग दोष घर बांधणाऱ्याचा का? त्यानं आजोबांनी बांधलं तसंच बांधलं होतं. उन्हाळ्यात गार राहणारं, हाताशी असलेल्या दगडाचं घर. धोका माहीत नव्हता तर दोष कसा द्यायचा? पण आज माहीत असूनही कुणी सळई कमी घातली तर? आणि पक्कं बांधायला पैसेच नसतील तर? दोष आणि जबाबदारी एकच नव्हे, हे मुलांना व्याख्या पाठ न करता उमगतं. ‘नशीब’ हा शब्द आपण कुठे दिलासा म्हणून वापरतो आणि कुठे कुणाला तरी वाचवायला, हेही दिसू लागतं.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. पोरं उद्धट होतील हा नव्हे. आक्षेप असा, की शिक्षक साडेचारला घरी जातो आणि प्रश्न मुलीबरोबर तिच्या घरी जातो. ‘ताईच्या लग्नात हुंडा का?’ असं तिनं जेवताना विचारलं, तर बोलणी तिला एकटीला खावी लागतात. म्हणून मुलांच्या हाती प्रश्न देऊन मोकळं होता येत नाही. आधी स्वतःच्या मताला प्रश्न विचारायचा, समोरच्याची बाजू त्याला पटेल अशी मांडायची आणि मगच आपलं म्हणायचं, हेही शिकवावं लागतं. आणि काही प्रश्न शिक्षकानं पालकसभेत स्वतः विचारायला हवेत.

आठवड्याला एक तास पुरे, आणि मार्क नकोतच. या वर्गातलं एखादं मूल उद्या सिव्हिल इंजिनिअर होईल, कुणाच्या तरी घराच्या नकाशावर सही करेल. तेव्हा समोर चार पर्याय नसतील आणि उत्तरतालिकाही लागणार नसेल.